अस्वलाची चाल

सर्कशीतले खरे प्राणी बंद झाले, तेव्हापासून अस्वलाचा पोशाख घालून अप्पाच नाचायचे. ते डाव्या पायाने लंगडायचे, त्यामुळे अस्वलही लंगडायचं.

अप्पांचं सुतक सुटायच्या आतच मॅनेजर रणधीरकाका दारात आले. ढोकी गावातला तंबू उतरवून ट्रक भरले होते, उद्यापासून भूमला खेळ होते आणि पोशाख आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळत होता. लटकूनही त्याचा डावा गुडघा अप्पांसारखाच वाकलेला होता. मला तो द्यायचा नव्हता.

"न्या," आई म्हणाली. "लोकं तिकीट काढून येणार, त्यांला अस्वल नको व्हय?"

काकांसोबत आलेल्या सिदूने पोशाख तिथंच चढवला आणि ताठ चालून दाखवलं.

"आरं, तसं न्हाय!" काका खेकसले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, अप्पा कसे चालायचे, जरा दाखीव की ह्याला."

भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी अंगणभर लंगडत चालले. माझ्यामागून अस्वल लंगडत आलं. आई ओट्यावरून सांगत होती, "इतका पाय ओढत नव्हते गं ते."

शेवटी मी थांबले. "काका, चांगल्या धडधाकट माणसाला लंगडायला कशाला लावता?"

"अगं, भूमची लोकं वर्षानुवर्षं बघत आलीत त्याला," काका म्हणाले,



"सरळ चाललं, तर म्हणतील अस्वल खोटं हाय."