नकाशातली फिकट रेष

चौथ्यांदा कागद बाहेर आला, तरी नकाशामागे त्याच फिकट रेषा होत्या. नकाशे छापणारा प्लॉटर दुरुस्त करायला आलेल्या बशीरभाईंनी हेड पुसलं, कागद बदलला आणि मग दुसऱ्याच घराचा नकाशा काढून पाहिला. तो स्वच्छ आला.

“मशीन बरं आहे, मॅडम. रेषा तुमच्या फाइलीतच आहेत.”

आर्किटेक्ट रेवती ओशाळली. जुन्या घराच्या फरशीने वर्षानुवर्षं नोंदून ठेवलेल्या पावलांवरूनच संगणक नवं घर आखत असे. समोर बसलेल्या यमुनाक्का नव्या घरात एकट्याच राहणार, म्हणून रेवतीने त्यांच्या वारलेल्या यजमानांची पावलं काढून टाकायला सांगितली होती. संगणकाने ती नुसती पांढुरकी केली होती. पडद्यावर दिसत नव्हती, पण कागदावर उमटत होती.

“थांबा आक्का, पुसून देते.”

“राहू दे गं.” आक्कांनी कागद डोळ्याजवळ नेला. त्यांच्या गडद रेषेला डावीकडून लागून फिकट रेष चालली होती, न्हाणीपर्यंत, परसदारापर्यंत. “हा डावा डोळा गेल्यापासून ते या बाजूनं चालायचे. म्हणायचे, कोपर झिजवलास माझा.”

एकाच माणसाच्या पावलांवर आखलेला नवा पॅसेज अरुंद होता. डावीकडून आक्का भिंतीलाच धडकल्या असत्या. रेवतीने भिंत मागे सरकवली.

“फिकट रेषेवर कठडा लावू, आक्का?”

“लाव. पण उंची मी सांगते.”

आक्कांनी डावा हात शेजारी उचलला आणि कुणाचा तरी कोपर धरावा तसा हवेत धरून ठेवला. बशीरभाईंनी टेप काढली आणि जमिनीपासून त्या हातापर्यंत माप घेतलं.