कडीजवळचं लाकूड

बनुबाई गेल्याचा फोन आला तेव्हा तिची मुलगी संयोगिता सांगलीच्या कॉलेजात पाणी न मुरणारा लेप दिलेल्या एका लाकडी फळीची चाचणी घेत होती. फळी आणि लेपाचा नवा डबा तसाच पिशवीत घालून ती कोयनानगरच्या एसटीत बसली.

आता तेरावं उरकलं होतं. पाहुणे गेले होते. संयोगितानं मागच्या दारी फळी काढली आणि वडिलांना, हंबीररावांना, हाक मारली.

"आबा, जरा बघा की."

फळी तिरकी धरून तिनं तांब्यातलं पाणी थेंब थेंब सोडलं. पाणी लाकडात मुरलं नाही, घरंगळून गेलं. दर थेंबाला फळीला जोडलेला इवलासा दिवा लुकलुकत होता.

"समोर एवढं धरण हाय, आनी तू थेंबावर लाईट करतीस व्हय?" हंबीरराव म्हणाले.

"लाईटीचं ऱ्हाऊ द्या. पानी मुरंना झालंय, ते बघा."

त्यांनी मान हलवली. मागचं दार बुडाशी कुजलं होतं. आणखी एक पावसाळा ते काढणार नव्हतं. हा लेप दाराला लाव म्हणून बनुबाईच लेकीच्या मागे लागली होती.

संयोगितानं पॉलिश पेपर घेतला आणि दार खालून घासायला सुरुवात केली. हंबीरराव उंबऱ्याशी बसून राहिले. घासत घासत ती कडीपाशी आली. तिथलं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं.

"तेवढं सोड," हंबीरराव म्हणाले.

"तेलकट हाय, आबा. तेलावर लेप धरत न्हाई. सोडलं तर पानी तिथनंच शिरंल आनी समदं दार जाईल."

"तेल तुझ्याच डोक्याचं हाय." त्यांचा आवाज दमलेला होता. "शाळंला जाताना तुझी आय वेणी घालायची आनी हात तिथं पुसायची. लय सांगितलं, फडक्याला पूस. ऐकतीय व्हय ती."

संयोगिताचा हात थांबला.

"लय ओढायची केस," ती म्हणाली.

"तू तरी कुठं गप बसायचीस?"

हंबीररावांनी उठून तिच्या हातातून पॉलिश पेपर घेतला. दारापुढे उभे राहिले. कडीजवळ हात नेला, मग पेपर खिडकीत ठेवून दिला.

"च्या ठेव जा," ते म्हणाले.

पाऊस खाली चिपळूणपर्यंत आला आहे. दार कडीपर्यंत घासून झालं आहे. लेपाचा डबा अजून फोडलेला नाही.