उंबरावरचा बिबट्या

मुतिंडाला बिबट्या हटकून दिसायचा. केनियातल्या त्या अभयारण्यात सफारीच्या गाड्या चालवणारे सगळेच त्याचं कौतुक करायचे. सिरोंकाला मात्र ते ऐकवत नसे. बारा वर्षं तोही त्याच गवतातून गाडी हाकत होता.

जनावर दिसलं की वायरलेसवर सगळ्यांना कळवायचं आणि कळवणाऱ्यावर शंका घ्यायची नाही, असा ड्रायव्हरांचा रिवाज. त्या सकाळी सिरोंकाने वायरलेस उचलला.

"मुतिंडा, कोरड्या नदीकाठच्या उंबरावर बिबट्या बसलाय. लवकर ये."

तिथे काहीच नव्हतं. सिरोंका तिथून पंधरा किलोमीटर लांब, टेकडीवर गाडी लावून बसला होता. मागच्या सीटवर त्याचे पाहुणे न्याहारीचे डबे उघडत होते. आता हात हलवत परतेल लेकाचा, या विचाराने त्याला गार वाटलं.

अर्ध्या तासाने वायरलेस खरखरला.

"मानलं तुला, गड्या! बिबट्या आहे, वर दोन पिल्लंही आहेत!"

सिरोंकाचा जळफळाट झाला. खोटं सांगितलं तरी ह्यालाच दिसतो!

"मजा आहे बाबा तुझी," तो कसाबसा म्हणाला.

"माझी कसली? माझ्याआधी तूच पोचलायस की."

"मी?"

"तुझ्या गाडीच्या दारावरचा पोचा ओळखत नाही का मी? हात काय हलवतोयस! पण सिरोंका, गाडीतून खाली कशाला उतरलास? आणि तुझे पाहुणे कुठे गेले?"

सिरोंकाच्या मागचा डब्यांचा आवाज केव्हाच थांबला होता.