सवतीचं चार्जिंग

श्रावणी सोमवार होता, आणि ढगांमुळे त्यांच्या राहत्या व्हॅनच्या टपावरच्या सोलर पॅनलला दोन दिवस ऊन मिळालं नव्हतं. उरलेल्या बॅटरीवर एक तर वसुमतीचा उपास सोडायचा भात शिजला असता, नाहीतर मंदाकिनी बोलली असती. मंदाकिनी ही केशवरावांची वारलेली पहिली बायको, वसुमती दुसरी. तिचा आवाज आणि आठवणी डॅशबोर्डवरच्या पेटीत होत्या.

“तू केळं खा ना,” केशवराव म्हणाले.

पूर्वी वारलेल्या सवतीचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात पुजत. त्याला निदान चार्जिंग लागत नसे, असं वसुमतीच्या मनात आलं.

तेवढ्यात पेटीच बोलली, “अहो, तिचा उपास आहे. माझेही तुमच्या कधी लक्षात राहिले नाहीत. वसू, मला बंद कर, भात लाव.”

वसुमतीने बटण दाबलं. भात झाला, नैवेद्य दाखवला. पण घास उतरेना. मोठेपणासुद्धा सवतच घेऊन गेली होती.