डाव्या कोपऱ्यात बघ

"आज सोक्षमोक्षच लावू, बाबा," चपला काढता काढता मुलगी म्हणाली आणि पिशवीतून गुंडाळलेला फोटो बाहेर काढला. डोकं तापवूनच आली होती ती. किती महिन्यांनी आलो, हे मात्र तिने मनाशीसुद्धा मोजलं नाही.

दूर एका ग्रहावर तिच्या संस्थेची यंत्रगाडी फिरते आणि दगडधोंड्यांचे फोटो पाठवते. ते लोकांसमोर ठेवायचे, कुणाला त्यात चेहरा दिसला, कुणाला पक्षी दिसला, की "अहो, सावल्यांचा खेळ आहे तो," असं गोडीने समजवायचं, हे तिचं काम. परक्यांवर ती कधी चिडली नाही. पण बाबा! आई गेल्यापासून त्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. रोज ऑफिसात फोन. "आजचा फोटो पाहिलास? डाव्या कोपऱ्यात बघ. दरवाजा आहे गं!" कधी पायऱ्या, कधी उपडी वाटी. ती बघायची, आणि तसं काहीतरी असायचंच. एवढ्या दगडांत शोधलं तर काय सापडणार नाही? मग ती समजवायची, ते हुज्जत घालायचे, अर्धा तास कुठल्या कुठे जायचा. नुसतं "जेवलीस का" विचारायला केलेले फोन तिने "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कितीदा तरी ठेवले होते.

काल साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय मग, आज वडिलांना काय दिसलं?" सगळे खो खो हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आज ती कालचा तो दरवाजा टेबलाएवढ्या कागदावर छापूनच घेऊन आली होती.

खोलीत अंधारून आलं होतं. तिने बटण दाबलं. दिवा लागेना.

"बाबा, बल्ब गेलाय."

"हो का? आत्ताच गेला असेल."

बल्बवर बोटभर धूळ होती. आई असती तर असं झालं नसतं, असं पुटपुटत तिने पडदा सरकवला आणि फोटो बाबांच्या हातात दिला.

"हा घ्या तुमचा दरवाजा. नुसती भेग आहे. बघा, कबूल करा आणि ते फोन बंद करा. हात जोडते तुम्हाला."

बाबांनी चाचपत गुंडाळी उलगडली आणि दोन्ही हातांनी समोर धरली. मान तिरकी करून, कपाळाला आठ्या घालून ते बराच वेळ बघत राहिले.

"दगडच आहे की," ते शेवटी म्हणाले. "हरलो बाई. नाही करणार फोन."

ती त्यांच्या समोर उभी होती. लाल दगड, ती भेग, सगळं तिच्या बाजूला होतं. बाबांच्या बाजूला कोरा कागद होता.

ती त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

बाबा कागद चाचपत पुन्हा गुंडाळू लागले.

"मग ते दरवाजे? त्या पायऱ्या?" तिला रडू आवरेना.

"ते तुलाच सापडायचे गं," बाबा म्हणाले. "शोधत असलीस, की तू फोन ठेवायची नाहीस."