न पुसलेला जोड

बायको शालन गेल्याचं कळलं, त्याच दिवशी भिकाजीने तिचा फोनवरचा शेवटचा निरोप घरातल्या फायबरच्या, म्हणजे उजेड वाहणाऱ्या काचतंतूच्या, वेटोळ्यात सोडला. हल्ली गेलेल्या माणसाचा आवाज असाच, दुसरी प्रत न ठेवता, उजेडात फिरता ठेवतात. शालनचा आवाज वर्षभरात खरखरू लागला.

“वेटोळ्याच्या जोडात धूळ आहे,” त्याच्यासोबत केबल तपासायच्या कामावर असणाऱ्या कुंदाताई मीटर बघून म्हणाल्या. “दादा, जन्मभर पुसल्याशिवाय जोड लावला नाहीत, आणि घरचाच असा?”

“त्या दिवशी भान नव्हतं, राहून गेलं. आता पुसायला जोड काढला, तर उजेड तुटेल आणि ती कायमची जाईल.”

तेवढ्यात तो निरोप फिरून आला आणि वेटोळ्यातून शालन बोलली, “अहो, आधी चष्मा पुसा!”

दोघंही हसले. भिकाजीने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. जोड मात्र अजून पुसायचा राहिला आहे.