दोन दिवस उन्हात

तळोज्याच्या लॅबमध्ये सत्यजीतने सर्टिफिकेट माझ्यापुढे आपटलं. “तुमची डायपोल अँटेना कॅलिब्रेट झाली. दोन दिवस उन्हात मैदानावर उभं राहून एकेक रीडिंग पडताळून घेतलंय.”

“सगळे आकडे गेल्या वर्षीचेच आहेत. या अँटेनाने आम्ही हॉस्पिटलच्या मशीन्समधून निघणाऱ्या रेडिओ लहरी मोजतो, साहेब.”

“अँटेना चांगली असली की आकडे तेच येतात. मला शिकवू नका, मॅडम!”

“मग अँटेनाची पेटी उघडा. तिच्या दांड्या तरी सरळ आहेत का बघू.”

त्याने तणतणत पेटी टेबलावर ओढली आणि कडीला हिसका दिला. कडीला कुलूप होतं.

“किल्ली द्या की!” तो खेकसला.

“देते ना. पेटी इथे ठेवून गेले तेव्हापासून ती माझ्याच पर्समध्ये आहे.”